सालदार, लेक आणि वारस : देवाच्या सेवेमागची पार्श्वभूमी

मोशेने इजिप्तच्या राजापुढे जी मागणी ठेवली, तीत मुलगा आणि सेवा या दोन्ही गोष्टी एका दमात आल्या आहेत. इस्राएल माझा थोरला मुलगा आहे. त्याला जाऊ दे, म्हणजे तो माझी सेवा करील (निर्गम ४:२२-२३). फारोकडेही हे लोक राबतच होते, विटा पाडत होते. राबणं तेच, पण कोणाच्या घरी आणि कोणत्या नात्याने, हा वाद होता. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ‘लाडक्या लेकरासारखी देवाची सेवा’ ही जी शिकवण ऐकू येते, तिचं मूळ इथे आहे. पुढे मलाखीच्या पुस्तकात ती आणखी नेमकी होते : बाप आपली सेवा करणाऱ्या पोटच्या मुलाला जसा जपतो, तसा मी त्यांना जपेन (३:१७).

नव्या करारात या शिकवणीचा कणा म्हणजे येशूचा बाप्तिस्मा. यार्देन नदीतून वर येताना जी वाणी झाली (मार्क १:११), तिच्यात जुन्या करारातल्या दोन ओळी गुंफल्या आहेत. ‘तू माझा पुत्र’ हे दुसऱ्या स्तोत्रातलं, राजाच्या अभिषेकाचं. ‘तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे’ हे यशया ४२ मधलं, आणि तिथे ते पुत्राला नव्हे, सेवकाला उद्देशून आहे. म्हणजे पुत्र आणि सेवक एकाच वाक्यात एकाच माणसावर येऊन बसले. क्रमही पाहण्याजोगा आहे. तोवर एकही आजारी बरा झालेला नाही, एकही प्रवचन झालेलं नाही. पसंतीची पावती आधी मिळाली, काम नंतर सुरू झालं. खान्देशात उपदेशक हा मुद्दा सहसा घाईने उरकतात आणि थेट उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर येतात. त्यालाही कारण आहे; तो दाखला इथल्या शेतकरी घराला आरशासारखा लागू पडतो.

लूक १५ मधला धाकटा मुलगा आपली वाटणी घेऊन घर सोडतो, सगळं उधळतो आणि शेवटी परदेशी डुकरांपाशी बसून बापापुढे म्हणायचं भाषण जुळवतो. त्याचे तीन भाग आहेत : मी पाप केलं, तुझा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी राहिली नाही, मला तुझ्या एखाद्या मजुरासारखं ठेव. घरी पोचल्यावर पहिले दोन भाग तो म्हणतो. तिसरा भाग, मजुरीचा अर्ज, बाप तोंडातून निघूच देत नाही. झगा, अंगठी, जोडे मागवले जातात. त्या जगात घरचा दास अनवाणीच वावरे, आणि अंगठी म्हणजे बहुधा शिक्क्याची, घराच्या वतीने व्यवहार करण्याची खूण. अर्ज मजुरीचा होता, उत्तर वारसाहक्काच्या भाषेत आलं.

मूळ गोष्टीतला मजूर रोजंदारीचा आहे. खान्देशात मात्र ऐकणाऱ्याच्या मनात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, उभा राहतो. सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि नवं ठरतं. वर्षाची रक्कम, कपडे, चपला, कुठे धान्य, आणि या सगळ्याच्या आधी घेतलेली उचल. उचल फिटली नाही तर पुढचं साल त्याच धन्याकडे. १९७० च्या दशकात शहाद्याकडे आदिवासी मजुरांनी लढे उभारले त्यांत जमिनींबरोबर मजुरीचा प्रश्नही होता, आणि १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध देशाचा कायदा झाला. तरी उचल आणि साल हे गणित मनातून गेलेलं नाही. त्याच आखाजीला त्याच घरी सासुरवाशीण लेक माहेरी येते. झोके बांधतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो. लेक काही पाहुण्यासारखी बसून राहत नाही. पहाटे उठून चूल तीच पेटवते. पण तिच्या कामाचा हिशेब कोणी वहीत लिहीत नाही, आणि काम केलं नाही म्हणून तिचं माहेर तुटत नाही. ओसरीवर सालदाराचा हिशेब आणि आत लेकीचा वावर. ‘लेकरू म्हणून सेवा’ म्हणजे काय ते खान्देशी माणसाला समजावायला यापेक्षा जास्त लागत नाही.

दाखल्यातला खरा पेच मात्र थोरल्या मुलाकडे आहे. तो कधी घर सोडून गेला नाही, शेतातच होता. तरी भावासाठी मेजवानी मांडलेली पाहून त्याने केलेली तक्रार ऐका : इतकी वर्षं मी तुझी चाकरी करतोय, तुझी एकही आज्ञा मोडली नाही, आणि मला एक करडूसुद्धा मिळालं नाही. घरातला आंडोर, म्हणजे मुलगा, असून बोलतो सालदारासारखं. बाप त्याला रागवत नाही. जे माझं आहे ते सगळं तुझंच, एवढंच म्हणतो. मंडळीत वर्षानुवर्षं झाडलोट, गायन, रविवारची शाळा सांभाळणारी माणसं नव्याने आलेल्यावर चिडतात ती याच जागेवरून. तो आळस नव्हे. सेवा झालेली असते, नातं मात्र मजुरीचं राहिलेलं असतं.

पौलाने हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत मांडली. यहुदी धर्मशास्त्रात दत्तकाची रीतसर संस्था नव्हती; रोमन कायद्यात होती, आणि पौल रोमन नागरिक. रोम, गलतिया आणि इफिस इथल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत मिळून पाच वेळा तो दत्तकाचा दाखला देतो. रोमन पद्धत अशी : जन्मदात्या बापाने मुलाला नावापुरतं तीनदा विकायचं. तिसऱ्या विक्रीनंतर त्याची सत्ता संपे. मग नवा बाप दंडाधिकाऱ्यापुढे ‘हा माझा’ म्हणून दावा करी, कोणी हरकत घेत नसे, आणि मुलगा नव्या घरचा होई. दत्तक घेतला जाणारा पुष्कळदा मोठा, कर्ता पुरुष असे, कारण हेतू वारस मिळवण्याचा असे. क्लॉडियस बादशहाने नीरोला इ. स. ५० मध्ये दत्तक घेतलं, आणि रोमकरांस पत्र साधारण ५७ च्या सुमारास लिहिलं गेलं. पत्र वाचून दाखवलं तेव्हा रोमच्या गादीवर दत्तक मुलगाच बसला होता.

प्रवचनांत इथे एक गोष्ट जरा ताणून सांगितली जाते : दत्तक गेलेल्याचं सगळं जुनं कर्ज माफ. हे स्वतंत्र, म्हणजे कोणा बापाच्या सत्तेखाली नसलेल्या, कर्त्या माणसाच्या दत्तकाला लागू होतं, आणि तेही जुन्या नागरी कायद्याच्या अक्षराप्रमाणे. सावकार बुडू लागले तेव्हा प्रेटरने, म्हणजे रोमच्या न्यायाधिकाऱ्याने, त्यांच्यासाठी उपाय काढला. क्षमेची शिकवण पौल दुसरीकडे, वधस्तंभावर, उभी करतो. तिला दत्तकाच्या कलमाचा टेकू लागत नाही.

गलतीकरांस ४ मध्ये आणखी एक बारकावा आहे, आणि खान्देशाच्या दृष्टीने तो जास्त महत्त्वाचा. वारस जोवर अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, असतो तोवर तो सगळ्याचा धनी असूनही दासापेक्षा वेगळा नसतो. बापाने ठरवलेल्या मुदतीपर्यंत पालक आणि कारभारी त्याच्यावर असतात. पौल ज्या पुत्रत्वाबद्दल बोलतो ते ही मुदत संपल्यानंतरचं आहे. लेकरू म्हणजे कायम बोट धरून चालणारं पोर, असा त्याचा अर्थ नाही.

पहिल्या शतकांतल्या मंडळीने हे विधीत उतरवलं. बाप्तिस्मा घेऊन आलेल्याला दूध आणि मध चाखवत, नवजात बाळाला द्यावं तसं. तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन ही चाल सांगतो. प्रभूची प्रार्थना, ‘हे आमच्या पित्या’, पुष्कळ ठिकाणी बाप्तिस्म्याच्या तयारीतच सोपवली जाई. कोणीही यावं आणि देवाला बाप म्हणावं, असा प्रकार नव्हता. चौथ्या शतकात बसिल या बिशपने देवाची आज्ञा पाळणाऱ्यांचे तीन प्रकार केले : शिक्षेच्या भीतीने पाळणारा दास, मोबदल्यासाठी पाळणारा मजूर, आणि प्रेमाने पाळणारा पुत्र. बाराव्या शतकात बर्नार्ड या मठाधिपतीने हीच तिकडी पुन्हा मांडली. १५२० मध्ये ल्यूथरने ख्रिस्ती माणूस सर्वांचा धनी आणि सर्वांचा दास असं एकाच श्वासात लिहिलं. १६४०च्या दशकात इंग्लंडात लिहिलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात दत्तकपणाला स्वतंत्र प्रकरण, बारावं, मिळालं. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली तर स्वतःच्या आयुष्याकडे वळून पाहताना म्हणाला की २४ मे १७३८ च्या अंतःकरण पालटल्याच्या अनुभवाआधीही आपल्याकडे विश्वास होता, पण दासाचा, पुत्राचा नव्हता.

खान्देशात आलेल्या मिशन वेस्लीसारख्याच, आतल्या अनुभवावर भर देणाऱ्या जागृतीच्या वळणाच्या. पूर्वेकडे भुसावळ, जळगाव या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. पश्चिमेकडे नंदुरबार, नवापूर या भागात स्कँडिनेव्हियन अलायन्सची माणसं. फ्रेडरिक फ्रान्सनने १८९० मध्ये शिकागोत सुरू केलेली ही संस्था १९४९ पासून टीम (द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन) या नावाने ओळखली जाते. नंदुरबारचं एस. ए. मिशन हायस्कूल आणि चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय ही त्या कामाची ठळक खूण. हे लोक बोलत होते ते अंतःकरणातल्या पुत्रत्वाबद्दल. पण १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी पश्चिम भारतातल्या मिशनांच्या दारात अनाथ मुलं आणून सोडली, आणि मिशन स्वतःच मायबाप होऊन बसलं. कंपाउंडात घर, मिशनच्या शाळेत शिक्षण, मोठेपणी मिशनचाच पगार : शिक्षक, कंपाउंडर, घरोघरी बायबल सांगणारी बायबल वुमन. देवाचं लेकरू आणि मिशनचं लेकरू यांतली रेघ पुसट झाली. गलतीकरांस पत्रातली अज्ञानपणाची मुदत वाढतच गेली.

या अवलंबनावर मराठीतून सर्वांत धारदार बोट ठेवलं ते कवी नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही त्यात जागा होती. धरणगावचे बालकवी त्र्यंबक ठोमरे याच टिळकांच्या नगरच्या घरात मुलासारखे राहिले. धर्म बदलला नाही, दत्तकपत्र झालं नाही, आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या लेखी ते घरचेच होते.

दत्तकपत्राचा विषय निघाला म्हणून एक विसंगती सांगायला हवी. देवाने दत्तक घेतल्याचा उपदेश करणाऱ्या समाजाला स्वतः मूल दत्तक घ्यायचा कायदा भारतात फार उशिरापर्यंत नव्हता. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा ख्रिस्ती माणसाला लागू नाही, आणि वेगळी अधिसूचना नसेल तर अनुसूचित जमातींनाही नाही. तिथे रूढी पाहिली जाते. ख्रिस्ती जोडप्याला उरायचा तो १८९० चा पालक व पाल्य कायदा. त्यात मूल अठरा वर्षांचं झालं की पालकत्व संपतं, वारसाहक्क आपोआप येत नाही, मृत्युपत्र करावं लागतं. बाल न्याय कायद्याने, विशेषतः २००६ च्या दुरुस्तीनंतर आणि २०१५ च्या नव्या कायद्याने, धर्म न पाहता पूर्ण दत्तकाची वाट मोकळी झाली; २०१४ मध्ये शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली. तरी आधीच्या कायद्याच्या सवयीने जुन्या ख्रिस्ती घरांत ‘सांभाळलेलं मूल’ म्हटलं की ऐकणाऱ्याला पालकत्व आठवतं, वारसा नाही. रोमकरांस ८:१७ मधला ‘वारस’ समजावताना हा फरक उघड सांगावा लागतो, नाहीतर देवाचं पितृत्वही अठराव्या वर्षी संपणाऱ्या पालकत्वासारखं मनात बसतं.

रोजच्या व्यवहारात ही शिकवण कुठे निसटते ते कापणीच्या सणात चांगलं दिसतं. शेतकरी दादर ज्वारी, तूर, कापूस, केळीचा घड, कोंबडी असं पहिलं पीक वेदीपाशी आणतो. उपासनेनंतर लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या खजिन्यात जातो. मुलगा आपल्या बापाच्या शेतातलं पहिलं कणीस बापाच्याच हाती देतो, अशी ही मूळ कल्पना. पण दोन वर्षं पाऊस दगा देतो, बोंडअळी येते, आणि माणूस म्हणतो : दशांश दिला होता, तरी असं का? तो नवसाचा हिशेब झाला, उचल देऊन काम घ्यावं तसा, फक्त इथे उचल माणसाने देवाला दिली आहे. उलट टोकही आहे. पीक बुडालं म्हणून रिकाम्या हाताने देवळात जायची लाज वाटते, आणि कुटुंब सणालाच येत नाही. दोन्हीकडे कारण एक : वर्षाच्या शेवटी आपला हिशेब होणार, ही धास्ती.

म्हणून जाणते वडीलजन सणाची आखणी करताना काही गोष्टी पाळतात, आणि जिथे पाळत नाहीत तिथे पाळायला हव्यात. आदल्या रविवारी लूक १५ पूर्ण वाचायचा, थोरल्या मुलासह. निम्म्यावर, मेजवानीपाशी, थांबायचं नाही. ज्यांचं पीक गेलं त्यांना वाचन किंवा प्रार्थना सोपवायची, म्हणजे ते सणात असतील. लिलावात भाव चढवायला कोणाच्या विश्वासाला डिवचायचं नाही. खजिन्याचा जमाखर्च मंडळीतल्याच दोघांनी लिहायचा आणि सगळ्यांपुढे मांडायचा. बापाच्या घरचा कारभार सज्ञान मुलांनीच पाहायचा असतो. आणि अर्पणांची यादी वाचताना वस्तू वाचायच्या, नावं आणि रकमा गाळायच्या.