मध्यमाहरण

मध्यमाहरण : वर्गसमीकरण सोडविण्याची प्राचीन भारतीय रीत. अव्यक्ताचा (अज्ञात राशीचा) वर्ग, अव्यक्त आणि व्यक्त संख्या (रूप) अशी तीन पदे असलेल्या समीकरणात दोन्ही पक्षांमध्ये (बाजूंमध्ये) सारखी संख्या मिळवून अव्यक्ताच्या पक्षाचा पूर्ण वर्ग केला, की मधले पद वेगळे उरत नाही. मग वर्गमूळ काढून साध्या समीकरणाप्रमाणे उत्तर मिळते. शालेय बीजगणितातील पूर्ण वर्ग पद्धत आणि सूत्र पद्धत यांचे तत्त्व हेच आहे.

आर्यभटाने (४९९) श्रेढीतील पदसंख्या आणि मुद्दलावरील व्याज काढण्यासाठी दिलेल्या नियमांवरून त्याला वर्गसमीकरणाची उकल ठाऊक होती, हे उघड होते. स्वतंत्र नियम मात्र ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात (६२८), अठराव्या अध्यायात येतो. रूपांना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे, त्यात मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवावा, मूळ काढून मधला सहगुणक वजा करावा आणि वर्गाच्या सहगुणकाच्या दुपटीने भागावे, असा तो आहे. सूत्राला ‘श्रीधराचार्यांचे सूत्र’ म्हणण्याची प्रथा त्यामुळे काटेकोर नाही. श्रीधराचे वैशिष्ट्य उत्तराच्या सूत्रात नसून, दोन्ही पक्षांवर करावयाच्या क्रिया क्रमाने सांगण्यात आहे.

श्रीधराचा काळ वादग्रस्त आहे. शके ९१३ (इ. स. ९९१) मधील न्यायकंदली या दर्शनग्रंथाचा कर्ता आणि हा गणिती एकच, हे जुने मत आता फारसे मानले जात नाही. गणितेतिहासकार बिभूतिभूषण दत्त त्याला गणिती महावीराचार्यांच्या (सु. ८५०) आधीचा, आठव्या शतकातील मानतात, श्रीधराच्या पाटीगणित या ग्रंथाचे संपादक कृपाशंकर शुक्ल त्याला महावीराचार्यांनंतर, ८५० ते ९५० च्या दरम्यान ठेवतात. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

श्रीधराचा बीजगणितावरील ग्रंथ लुप्त झाला आहे. त्यातील नियम टिकला तो भास्कराचार्यांच्या बीजगणितातील (११५०) अवतरणामुळे. पूर्वार्ध सर्वत्र सारखा आहे : ‘चतुराहतवर्गसमै रूपैः पक्षद्वयं गुणयेत्’ (वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही पक्ष गुणावे). उत्तरार्धाचे दोन पाठ मिळतात. पाथरीचा ज्ञानराज (१५०३) आणि त्याचा पुत्र सूर्यदास यांच्या परंपरेत ‘अव्यक्तवर्गरूपैर्युक्तौ पक्षौ ततो मूलम्’ (अव्यक्ताच्या सहगुणकाचा वर्ग दोन्ही पक्षांत मिळवावा, मग मूळ काढावे) असा पाठ आहे, कृष्ण दैवज्ञाच्या बीजगणितावरील टीकेत (सु. १६००) ‘पूर्वाव्यक्तस्य कृतेः समरूपाणि क्षिपेत् तयोरेव’ (आधीच्या अव्यक्ताच्या सहगुणकाच्या वर्गाइतकी रूपे त्या दोहोंत मिळवावी) असा.  पहिल्या पाठात मूळ काढण्याची पायरी स्पष्ट आहे, दुसऱ्यात मिळवायची संख्या कोणती ते स्पष्ट आहे : गुणाकारापूर्वीच्या सहगुणकाचा वर्ग. उदाहरण करू लागले की हा खुलासा किती आवश्यक आहे ते कळते.

भास्कराचार्यांचे प्रसिद्ध उदाहरण भुंग्यांचे आहे. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ इतके भुंगे मालतीकडे गेले, सर्व थव्याचे आठ-नवमांशही गेले. उरले एक भुंगा आणि एक भुंगी. निम्म्याचे मूळ काढायचे असल्याने थवा २क्ष² मानतात. मूळ क्ष येते. मग

क्ष + (१६/९)क्ष² + २ = २क्ष²

नवाने गुणून पक्ष लावले की २क्ष² − ९क्ष = १८. वर्गाचा सहगुणक २, त्याची चौपट ८; तिने दोन्ही पक्ष गुणून १६क्ष² − ७२क्ष = १४४. आता ९ चा वर्ग ८१ मिळवायचा, ७२ चा नव्हे : (४क्ष − ९)² = २२५. मूळ घेऊन ४क्ष − ९ = १५, क्ष = ६, म्हणून थवा ७२ भुंग्यांचा. आठाने गुणल्यामुळे मूळ घेईपर्यंत अपूर्णांक येत नाहीत. वर्गाच्या सहगुणकाने आधी भागून घेतले असते, तर ९/४ चा वर्ग मिळवत बसावे लागले असते.

दोन मुळांचा प्रश्न भास्कराचार्यांनी पद्मनाभ या आधीच्या बीजगणितकाराच्या आधारे हाताळला आहे. वानरांच्या एका उदाहरणात (कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग आणि बारा मिळून सर्व कळप) ४८ व १६ ही दोन्ही उत्तरे ते स्वीकारतात. दुसऱ्यात पंचमांशातून तीन वजा करून केलेला वर्ग गुहेत जातो आणि एक वानर उरतो. तेथे ५० व ५ येतात. त्यांपैकी ५ ते टाकतात, कारण एकातून तीन वजा करून उरणाऱ्या ऋण वानरांवर लोकांचा विश्वास बसत नाही. गणिताने दोन्ही बरोबरच आहेत.

बीजगणितातील मध्यमाहरणाच्या याच प्रकरणात भूमितीही येते. काटकोन त्रिकोणाच्या भुजा १५ व २० असता कर्ण किती, असे विचारून भास्कराचार्य उपपत्तीही मागतात. असे चार त्रिकोण कर्णाच्या चौरसात मांडले की मध्ये ५ बाजूचा चौरस उरतो. चार त्रिकोणांचे क्षेत्रफळ ६००, मधल्या चौरसाचे २५. बेरीज ६२५, म्हणून कर्ण २५.