लाकडावरचा शिक्का नेमके काय सांगतो?

रे रोडच्या लाकडाच्या वखारींत सागाची ओळख आजही मुलखावरून सांगितली जाते. बर्मा, सीपी (म्हणजे जुना मध्य प्रांत), वलसाडी अशी नावे ऐकताच जाणत्या सुताराला लाकडाचा पोत, त्यातील तेलाचे प्रमाण आणि दर यांचा अंदाज येतो. प्लायवूडवर आयएस ३०३ किंवा आयएस ७१० असा मानक क्रमांक छापलेला असतो. त्यावरून फळीची ताकद आणि तिच्यातील गोंद पाण्यात कितपत टिकेल हे कळते. मात्र ज्या जंगलातून हे लाकूड आले, ते जंगल तोडीनंतर पुन्हा उभे राहिले का, हे यांपैकी एकही नाव किंवा क्रमांक सांगत नाही. वनप्रमाणीकरणाची, म्हणजे जंगलाची तपासणी करून त्यातील लाकडाला शिक्का देण्याची, व्यवस्था याच प्रश्नाच्या उत्तरासाठी निर्माण झाली आहे.

मुंबईचे या प्रश्नाशी जुने नाते आहे. वाडिया घराण्यातील जहाजबांधणी तज्ज्ञांनी येथील गोदीत मलबारच्या सागापासून बांधलेले आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. जहाजांसाठी साग मिळत राहावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांना मलबारचे वनसंरक्षक नेमले. त्यांनी लाकडाचा पुरवठा चालू ठेवला, परंतु त्यासाठी स्थानिक वनमालकांच्या आणि शेतकऱ्यांच्या हक्कांवर गदा आणली; असंतोष वाढत गेला आणि १८२३ मध्ये ते पद रद्द करावे लागले. जंगल सांभाळणे म्हणजे केवळ झाडे मोजणे नव्हे, हा धडा तेव्हाच मिळाला होता, पण तो नियमांत उतरायला पुढे जवळजवळ पावणेदोन शतके लागली.

शास्त्रीय वनव्यवस्थापनाचा गाभा सोपा आहे. समजा, एखाद्या जंगलात दर हेक्टरी वर्षाला दोन घनमीटर नवे लाकूड तयार होते. दीर्घकाळाचा हिशेब पाहता तोड या वाढीच्या आतच राहिली पाहिजे. सागासारखे झाड तोडीस यायला साठ-ऐंशी वर्षे घेत असल्यामुळे जंगलाचे भाग पाडून त्यांची तोड आळीपाळीने करावी लागते. शिवाय बीज देणारी मोठी झाडे राखणे, ओढ्याकाठचा पट्टा न तोडणे, उतारावरची माती वाहून जाऊ न देणे आणि ढोलीत घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी जुनी, वाळलेली झाडे उभी ठेवणे, हेही व्यवस्थापनात येते. आपल्या वनविभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलातील कामाच्या आराखड्यात, असा हिशेब मांडलेला असतो, आणि गोदावर्मन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर जंगलातील तोड मंजूर कार्य आयोजनेनुसारच करता येते. प्रमाणीकरण त्यात एक महत्त्वाची भर घालते: हा हिशेब प्रत्यक्षात पाळला जातो का, हे बाहेरच्या तपासनिसाने जंगलात जाऊन पाहायचे.

यातील सर्वांत परिचित व्यवस्था फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एफएससी, ही संस्था चालवते. उष्णकटिबंधीय जंगलांच्या विनाशाबद्दल जगभर चिंता वाढलेली असताना १९९३ मध्ये तिची स्थापना झाली. तिच्या कारभारात आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय अशा तीन गटांना मतांचे समान वजन आहे आणि तिच्या दहा तत्त्वांत कामगारांचे व मूळनिवासी लोकांचे हक्क स्पष्टपणे नमूद आहेत. जंगलाला मिळणारे प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते आणि दरम्यान दरवर्षी तपासणी होते. १९९९ मध्ये सुरू झालेली पीईएफसी ही दुसरी मोठी व्यवस्था निरनिराळ्या देशांच्या स्वतःच्या मानकांना मान्यता देते.

तथापि जंगल प्रमाणित असणे पुरेसे नसते. ओंडका आरागिरणीत जातो, तेथून व्हिनियरच्या किंवा प्लायवूडच्या कारखान्यात, मग घाऊक व्यापाऱ्याकडे आणि अखेर फर्निचर करणाऱ्याकडे. शिक्का लावलेली तयार वस्तू बनेपर्यंत ज्याच्या ज्याच्या मालकीत हा माल येतो, त्या प्रत्येकाकडे साखळीचे स्वतंत्र प्रमाणपत्र असावे लागते. आत आलेला माल आणि बाहेर गेलेला माल यांचा मेळ त्याला दाखवावा लागतो. एक कडी सुटली की पुढचा दावा संपला. म्हणूनच प्रमाणित प्लाय विकत आणून घरी सुताराकडून कपाट करून घेतले, तर फळी जबाबदार स्रोतातली असूनही त्या कपाटाला प्रमाणित म्हणता येत नाही. मुंबईत फर्निचरचे पुष्कळसे काम असेच घरोघरी होते, त्यामुळे ही मर्यादा आपल्याला विशेष जाणवणारी आहे.

शिक्क्यावरचे शब्दही नीट वाचले पाहिजेत. ‘१०० टक्के’ म्हणजे सर्व लाकूड प्रमाणित जंगलातले. ‘रिसायकल्ड’ म्हणजे पुनर्वापरातले. कागदावर आणि खोक्यांवर अनेकदा दिसणारा ‘मिक्स’ हा शब्द अधिक गुंतागुंतीचा आहे. त्यात प्रमाणित जंगलातल्या किंवा पुनर्वापरातल्या मालाबरोबर ‘नियंत्रित’ लाकूडही चालते. हे लाकूड प्रमाणित नसते, परंतु ते बेकायदा तोडीतले, लोकांचे हक्क तुडवून मिळवलेले किंवा नैसर्गिक जंगल नष्ट करून आणलेले नसावे, अशी अट असते.

हा सगळा डोलारा कागदपत्रांवर उभा आहे, आणि कागद खोटे करता येतात. येथे प्रयोगशाळा मदतीला येते. सूक्ष्मदर्शकाखाली लाकडातील पाणी वाहणाऱ्या वाहिन्यांची आणि किरणांची, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांची, रचना पाहून झाडाचा वंश, काही वेळा जाती, ओळखता येतो. डीएनएवरून जातीची खात्री होते आणि संदर्भ नमुने पुरेसे असतील तर प्रदेशही सुचतो. सर्वांत विलक्षण मला स्थिर समस्थानिकांची पद्धत वाटते. समुद्रापासूनचे अंतर, उंची आणि हवामान यांनुसार पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजनच्या जड व हलक्या अणूंचे प्रमाण बदलते, झाड तेच पाणी मुळांतून घेते आणि त्याची खूण लाकडात कायमची उमटते. एखादा ओंडका सांगितलेल्या मुलखातला नाही, हे त्यावरून दाखवता येऊ शकते. मात्र त्या मुलखातले खात्रीचे नमुने तुलनेसाठी आधी गोळा झालेले असावे लागतात, आणि तेच काम अजून अपुरे आहे.

या व्यवस्थेवरची टीका गंभीरपणे घ्यायला हवी. तपासणाऱ्या संस्थेचे शुल्क ज्याची तपासणी व्हायची तोच भरतो. उष्णकटिबंधीय जंगले वाचवण्याच्या हेतूने आरंभ झाला, पण प्रमाणित क्षेत्राचा मोठा भाग युरोप आणि उत्तर अमेरिकेत आहे, कारण तपासणीचा खर्च आणि कागदपत्रे तेथील मोठ्या वनमालकांना सहज पेलतात. त्यामुळे शिक्का हा अंतिम पुरावा नव्हे, असे माझे मत आहे. तरीही जेथे विचारण्याची सोयच नव्हती तेथे त्याने उत्तर मागण्याची जागा निर्माण केली, हे मोलाचे आहे.

भारतातले चित्र थोडे वेगळे आहे. आपल्याकडील लाकडाचा मोठा वाटा सरकारी जंगलांतून नव्हे, तर शेताच्या बांधावरच्या आणि शेतातल्या नीलगिरी, पॉपलर यांसारख्या झाडांतून येतो. एकट्या लहान शेतकऱ्याला तपासणीचा खर्च झेपणार नाही, म्हणून अनेकांचे मिळून गट-प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जाहीर केलेल्या भारतीय वन व काष्ठ प्रमाणीकरण योजनेत जंगलांबरोबर जंगलाबाहेरची झाडेही धरली आहेत. ती चालवण्याचे काम भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडे आहे. महाराष्ट्रापुरते पाहिले तर लोकांच्या हक्काचे उदाहरण गडचिरोलीतच आहे: मेंढा-लेखा या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला.

मुंबईतल्या ग्राहकाला करता येण्यासारखी तपासणी फार अवघड नाही. एफएससीच्या शिक्क्याखाली ‘एफएससी-सी’ या अक्षरांपुढे सहा आकडे असतात. संस्थेच्या सार्वजनिक शोधयादीत ते टाकले की तो परवाना कोणाचा आहे, चालू आहे की निलंबित आणि त्यात कोणत्या वस्तू येतात हे दिसते. सोसायटीच्या किंवा कार्यालयाच्या मोठ्या कामासाठी प्लाय अथवा दारे घेताना व्यापाऱ्याच्या बिलावर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि मालापुढे ‘१०० टक्के’ की ‘मिक्स’ हा दावा लिहून मागावा. माहितीपत्रकावर छापलेले बोधचिन्ह त्याची जागा घेऊ शकत नाही.