फ्रिज हाक मारतो तेव्हा

मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर गेला की दुपारी पोरं घराबाहेर पडत नाहीत. माझी भाची तेव्हा 'द सिम्स' हा कॉम्प्युटर गेम खेळत बसते; त्यात पडद्यावरच्या माणसांचं रोजचं जगणं चालवायचं असतं. परवा गेममधल्या बाईबद्दल ती एकदम म्हणाली, "मामा, हिला करमत नाहीये." तिच्या आजीला प्रश्न पडला, की ना मारामारी, ना हारजीत, बाई जेवते, झोपते, कामाला जाते, यात बघायचं काय?

विल राइट यांनी केलेला हा गेम २००० साली आला आणि आजही खेळला जातो. त्यातल्या माणसांना डोकं असतं असा समज आहे. खरं तर डोकं वस्तूंना दिलंय. गेममधला फ्रिज, पलंग, टीव्ही आठवडे बाजारातल्या विक्रेत्यांसारखे सतत ओरडत असतात: "माझ्याकडे ये, भूक भागेल", "माझ्याकडे ये, थकवा जाईल." माणसाजवळ असतात फक्त भूक, झोप, स्वच्छता, करमणूक, सोबत अशा आठ गरजांचे आकडे. प्रत्येक हाकेला गुण मिळतात. वस्तू लांब असेल तर गुण घटतात. पण गंमत पुढे आहे. गरजेचं वजन सरळ रेषेत वाढत नाही. पोट अर्धं भरलेलं असताना फ्रिजच्या हाकेला फारशी किंमत नसते. पोट रिकामं होत आलं की तीच हाक बाकी सगळ्यांना झाकून टाकते. शिवाय दरवेळी पहिला नंबर निवडला तर हालचाल यंत्रासारखी दिसेल, म्हणून वरच्या काही पर्यायांतून एक सोडतीनं काढतात. भुकेली बाई मध्येच टीव्हीपुढे बसते ती यामुळे. हल्ली कशालाही एआयचं लेबल लावतात; इथे तर नुसते गुणाकार आणि थोडी सोडत!

वागणूक वस्तूतच असल्यामुळे नवी वस्तू आणली की जुन्या माणसांना ती आपोआप वापरता येते. म्हणून गेममध्ये नवनवी भर घालता आली, आणि तो शिळा झाला नाही.

उरलेलं काम आपला मेंदू करतो. १९४४ साली हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ फिरतानाची फिल्म दाखवली. बहुतेकांनी त्यात भांडण, पाठलाग, भीती पाहिली. हलणाऱ्या गोष्टीला मन चिकटवण्याची हीच खोड पिंपळावर मुंजा बसवते. मुंजा कुठेच नसतो, वाऱ्यानं फांदी हलते. सिम्सची माणसं जी भाषा बोलतात तिला अर्थच नाही, म्हणून खेळणारा आपला अर्थ घालतो. भाचीची बाई अहिराणीत कुरकुरते.

गेममध्ये 'फ्री विल', म्हणजे माणसांचं आपणहून वागणं, बंद करायची सोय आहे. ते बंद करून पाहा. भूक लागली तरी बाई फ्रिजकडे आपणहून जात नाही, उभी आहे तिथेच राहते.