चौकटीतील अभिव्यक्तिवादी रंगीत मुद्राचित्राची पारख

अभिव्यक्तिवादी शैलीतील, म्हणजे दिसते तसे न रंगवता मनातली भावना ठळक रंग-आकारांनी मांडणारे, मढवलेले चित्र कलावंताने स्वतः ठसा कोरून किंवा दगडावर रेखाटून छापलेले मुद्राचित्र आहे की रंगचित्राची छापील नक्कल, ते कोणत्या काळातले आहे व किती टिकले आहे, हे ठरवण्याची पद्धत. किमतीचा विचार त्यानंतरचा. ग्रामीण विदर्भात ही वेळ सहसा वाड्याच्या वाटणीत येते.

मालगुजार-देशमुखांच्या दिवाणखान्यांत मढवलेले चित्र म्हणजे बहुधा रवि वर्मा छापखान्याची लक्ष्मी किंवा सरस्वती. १८९४ साली मुंबईत निघालेला हा छापखाना पुढे फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. या देवतांच्या रांगेत शिकायला परदेशी गेलेल्या एखाद्या काकांनी आणलेले निळे घोडे असले, तर ते नेमके काय आहे हे घरात कोणाला सांगता येत नाही.

ड्रेस्डेन येथे १९०५ मध्ये किर्शनर, हेकेल, श्मिट-रोट्लुफ व ब्लायल या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी ‘डी ब्र्युके’ हा अभिव्यक्तिवादी गट स्थापला. लाकडाचा ठसा त्यांनी स्वतः कोरला. पटाशीचे ओरखडे आणि लाकडाच्या रेषाही चित्रात राहू दिल्या. कांडिन्स्की व फ्रान्झ मार्क या चित्रकारांचा ‘डेर ब्लाउए रायटर’ हा तशाच शैलीचा गट १९११ मध्ये म्यूनिकला उभा राहिला. डिसेंबर १९२२ मध्ये कोलकात्यात भरलेल्या प्रदर्शनात कांडिन्स्की, क्ले व फायनिंगर यांची कामे आली होती. व्हिएन्नाहून मुंबईत आलेल्या चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांचा प्रभाव ज्या तरुण चित्रकारांवर पडला, त्यांत नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझा होते. त्यामुळे असे चित्र जर्मनच असेल, असे धरून चालू नये.

पाहणी ओसरीवर, दिवसाच्या उजेडात, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने करावी. रंगात सारख्या अंतराच्या ठिपक्यांची फुले दिसली तर ते ऑफसेट छपाईचे पुनर्मुद्रण. कॉलोटाइप या जिलेटिनच्या थरावरून होणाऱ्या जुन्या छपाईत ठिपके नसतात, बारीक सुरकुत्यांसारखे कण असतात. त्यामुळे जुनी, चांगली नक्कलही जाणत्याला चकवते. शिलामुद्रणात, म्हणजे दगडावर रेखाटून केलेल्या छपाईत, खडूचा खरखरीत पोत दिसतो. काष्ठठशात, म्हणजे लाकडी ठशाच्या छपाईत, शाई आकाराच्या कडेला किंचित दाटते आणि दाबाची खूण अनेकदा कागदाच्या पाठीवर उमटते. मार्कच्या ‘मोठे निळे घोडे’ या १९११ च्या चित्रापुरते तर भिंगही लागत नाही. मूळ चित्र कॅनव्हासवरचे तैलचित्र असून ते मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमध्ये आहे. भिंतीवरचा कागद कितीही जुना असो, ती नक्कलच.

सही पेन्सिलीची आहे की चित्राबरोबर छापलेली, हे पाहावे. प्रतीचा क्रमांक नसणे हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. ‘डी ब्र्युके’च्या कलावंतांनी पुष्कळ प्रती हातानेच, थोड्या संख्येने आणि क्रमांकाविना काढल्या. किर्शनरच्या १९३८ मधील मृत्यूनंतर शिल्लक राहिलेल्या कामांच्या पाठीवर त्याच्या वारशाचा शिक्का आढळतो.

विदर्भात खरा घात हवामान आणि मढवणारा हे दोघे करतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, लगेच पावसाळी ओल येते. कागद फुगतो आणि काचेला चिकटतो. तो घरी ओढून काढू नये, रंगाचा थरच काचेबरोबर निघतो. मागच्या पुठ्ठ्यातील आम्लाने कागद तपकिरी होतो, बुरशीचे डाग पडतात, भिंतीतली उधई सागवानी चौकट सोडून पुठ्ठा व कागद खाते. सर्वांत मोठे नुकसान मात्र कात्रीचे. हाताशी असलेल्या चौकटीत बसावे म्हणून फ्रेमवाल्याने समास कापले असतील, तर त्याबरोबर सही आणि क्रमांकही गेलेले असतात. खळीने पुठ्ठ्यावर डकवलेले चित्रही बरेच मूल्य गमावते. चौकट तज्ज्ञाने उघडल्यावर पट्टीखाली झाकलेली कड पाहावी. उन्हाने न विटलेला मूळ रंग तिथेच सापडतो.

अस्सल ठरलेल्या प्रतीची किंमत कलावंत, प्रतींची संख्या, अवस्था आणि मालकीचा माग यांवर ठरते. नाझी राजवटीने १९३७ मध्ये जर्मन संग्रहालयांतून अशी हजारो कामे जप्त केली, ज्यू संग्राहकांकडूनही कलाकृती हिरावल्या गेल्या. म्हणून १९३३ ते १९४५ या काळात चित्र कोणाकडे होते, हे विचारलेच जाते. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था वगळता कोणालाही देशाबाहेर नेता येत नाही. चौकटीमागे भरलेले वर्तमानपत्र, दुकानाची चिठ्ठी, काकांच्या ट्रंकेतली पावती व पत्रे चित्राबरोबरच ठेवावीत. वाटणीत ट्रंक आधी रद्दीवाल्याकडे जाते आणि चित्राचा माग तिच्याबरोबर संपतो.