घरच्या घरी गाडीवर मोठं ग्राफिक लावताना: सगळा प्रश्न ताणाचा

रेडियमवाल्याकडून कापून आणलेलं नाव किंवा छोटा लोगो मागच्या डिकीवर लावणं कोणालाही जमतं, पण तेच डिझाइन दीड मीटर लांबीचं झालं की सगळं गणित बदलतं. सुरुवातीला स्टिकर एका अंशाने तिरका बसला असं समजा. १० सेंटीमीटरच्या स्टिकरला दुसऱ्या टोकाशी पावणेदोन मिलिमीटरचा फरक पडतो, तो कोणाच्या लक्षातही येत नाही. दीड मीटरच्या पट्ट्याला तोच एक अंश शेवटी अडीच सेंटीमीटरच्या वर जातो आणि रस्त्यापलीकडून दिसतो. मग माणूस काय करतो, तर अर्धा चिकटलेला पट्टा हाताने ओढून ओढून सरळ करतो, होतो पण सरळ, त्या दिवशी एकदम झकास दिसतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच टोकाचा कोपरा उचलायला लागतो.

कोपरा सुटला की आपण म्हणतो गोंद हलका निघाला. बऱ्याचदा गोंद ठीकच असतो. लावताना फिल्ममध्ये, म्हणजे स्टिकरच्या पातळ प्लास्टिकमध्ये, ताण भरला गेलेला असतो आणि तो ताण महिनोन् महिने गोंदाला ओढत बसतो. एवढी एक गोष्ट नीट समजली ना, तर साबणाचं पाणी कशाला, हीट गन कशाला, घाई का नको, हे सगळं आपोआप उलगडत जातं.

आधी फिल्मबद्दल. ही फिल्म विनायलची असते आणि विनायल म्हणजे पीव्हीसी, घरातल्या पाण्याच्या पाइपचं असतं तेच प्लास्टिक. नुसतं पीव्हीसी कडक असतं, ८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्याशिवाय मऊ पडत नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतला केमिस्ट वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवायचा उपाय शोधत होता, त्या खटपटीत त्याने पीव्हीसी उशिरा उकळणाऱ्या द्रवात तापवून बघितलं आणि गार झाल्यावर हातात आला तो रबरासारखा लवचिक पदार्थ. त्या द्रवाचे रेणू पीव्हीसीच्या लांबलचक साखळ्यांच्या मधे शिरतात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकायला मोकळ्या होतात. याच द्रवांना प्लास्टिसायझर म्हणतात आणि तुमच्या स्टिकरचा मऊपणा त्यांच्यामुळेच असतो.

बाजारात ही फिल्म दोन प्रकारची मिळते. कॅलेंडर्ड फिल्म बनवताना गरम पीव्हीसी मोठमोठ्या रोलरमधून दाबून, ओढून पातळ करतात, जाडी साधारण ७० ते १०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ओढलेल्या अवस्थेतच ती थंड होते, त्यामुळे आतल्या साखळ्या ताणलेल्या राहतात आणि ऊन लागलं की परत आखडायला बघतात. म्हणजे थोडा ताण कारखान्यातूनच भरून आलेला असतो! कास्ट फिल्मचं तसं नाही. तिचं पातळ मिश्रण कागदावर ओततात आणि भट्टीत भाजतात, ओढाओढीचा प्रश्नच येत नाही, म्हणून ती ५० मायक्रॉन एवढी पातळ होऊनही फारशी आखडत नाही. ती महाग पडते. दरवाजाच्या सपाट भागावर नुसती अक्षरं लावायची असतील तर कॅलेंडर्ड खुशाल घ्या, पण बॉनेटवर किंवा चाकावरच्या फुगवट्यावरून जाणारं मोठं ग्राफिक असेल तर कास्टच घ्या, इथे पैसे वाचवायला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गोंद. हा गोंद सुकून चिकटत नाही, फेव्हिकॉलसारखं त्यातलं पाणी उडून तो घट्ट होत नाही. तो कायम अर्धवट द्रवच असतो. दाबला की हळूहळू वाहतो, रंगाच्या बारीक बारीक खाचांमधे शिरतो, आणि रेणू रेणूच्या इतक्या जवळ आला की रेणूंमधली हलकी ओढ, म्हणजे व्हॅन डर वाल्स बलं, त्याला धरून ठेवतात. या बलांचा पल्ला नॅनोमीटरच्या घरातला, म्हणून मधे धुळीचा एक कण आला तरी तेवढी जागा कोरीच राहते. थ्री-एम कंपनीतले कार्ल डाल्क्विस्ट यांनी १९६० च्या दशकात यासाठी एक मर्यादा सांगितली, ती आजही वापरतात: गोंदाचा कडकपणा साधारण ३ लाख पास्कलच्या खाली असला तरच तो हलक्या दाबाने चिकटतो. ३ लाख ऐकायला मोठं वाटतं, पण स्टीलचा कडकपणा याच्या सहा लाख पटीहून जास्त आहे, म्हणजे गोंद किती मऊ पाहिजे बघा.

मात्र जो पदार्थ हळूहळू वाहत आत शिरतो तो हळूहळू वाहत बाहेरही येतो. झटका दिला तर हा गोंद घन पदार्थासारखा अडून बसतो, पण हलकी ओढ सतत चालू ठेवली तर द्रवासारखा वागतो आणि जागा सोडत जातो. ताणून बसवलेली फिल्म नेमकी अशीच हलकी ओढ देत असते, रात्रंदिवस, आणि उन्हात गोंद आणखी मऊ झाला की तिचं फावतं.

दाबाचा हिशेब पण करून बघा. हाताच्या तळव्याने ५ किलोचा जोर लावला तर तो १०० चौरस सेंटीमीटरवर पसरतो, एका चौरस सेंटीमीटरच्या वाट्याला ५० ग्रॅम येतात. तोच जोर १० सेंटीमीटर रुंद स्क्वीजीच्या (फिल्म दाबून बसवायच्या सपाट पट्टीच्या) कडेने लावला आणि कडेचा टेकलेला भाग एक मिलिमीटर धरला, तर एका चौरस सेंटीमीटरवर ५ किलो होतात, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीपेक्षा जास्त. म्हणून हाताने कितीही चोळलं तरी स्क्वीजीची सर येत नाही. मधून बाहेर, प्रत्येक फटका आधीच्यावर थोडा चढवत, कडेला मऊ कापड लावून. आणि एवढं करूनही गोंद पूर्ण मुरायला एक ते तीन दिवस लागतात, तेवढे दिवस गाडी धुवायची नाही, प्रेशर वॉशर तर अजिबात नाही.

आता सगळ्यात रंजक भाग, भूमिती. सपाट कागद पाइपाभोवती छान गुंडाळता येतो पण चेंडूवर बसवला की चुण्या पडतातच. १८२७ मध्ये जर्मन गणिती गॉसने हे सिद्ध केलं की सपाट पृष्ठभाग दोन्ही दिशांनी वळलेल्या पृष्ठभागावर ताणल्या-आखडल्याशिवाय बसूच शकत नाही, मग तुम्ही कितीही कुशल असा. उकडीच्या मोदकाची पारी आठवा, गोल चकती सारणावर उभी करायची तर घेर जास्त होतो आणि तो जास्तीचा घेर कळ्यांमधे मुडपावा लागतो. अर्धगोलाचा हिशेब केला तर चकतीच्या कडेचा घेर लागतो त्यापेक्षा ५७ टक्के जास्त भरतो! मोदकात कळ्या शोभतात, गाडीवर नाही, म्हणून तिथे फिल्मला तेवढं ताणून किंवा आखडून घ्यावं लागतं.

त्यामुळे ग्राफिक कुठे लावायचं हे ठरवतानाच गाडीवर हात फिरवून बघा. दरवाजाचा पत्रा बराचसा एकाच दिशेने वळलेला असतो, तिथे पट्टा जवळजवळ न ताणता बसतो. बॉनेटच्या मधल्या भागात दुहेरी वळण असतं पण कमी. बंपरचे कोपरे आणि आरशांची कव्हरं म्हणजे जवळपास अर्धगोलच, पहिल्यांदा करत असाल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. शिवाय खडबडीत काळं प्लास्टिक बहुतेक पॉलिप्रोपिलीन असतं, त्याला काहीही नीट चिकटत नाही, डिझाइन तिथून जात असेल तर तेवढा भाग कापून टाका.

जिथे ताणावंच लागतं तिथे उष्णता लागते. कास्ट फिल्मचा एक तुकडा घ्या, हाताने ओढून चुरगळा आणि हीट गनची गरम हवा लांबून द्या. चुण्या बघता बघता नाहीशा होतात आणि तुकडा परत सपाट होतो, हे एकदा तरी करून बघाच. ओढल्यावर साखळ्या सरळ रांगेत आलेल्या असतात, गरम झाल्यावर त्यांची वळवळ वाढते आणि त्या आपल्या मूळच्या वेटोळ्यांकडे जातात. लावताना चुणी पडली तर ओढत बसू नका, उचला, गरम करा, फिल्म स्वतःच पूर्वपदाला येईल. उलट सगळं चिकटवून झाल्यावर, खाचेत किंवा वळणावर जिथे जिथे ताणलंय तिथे परत ९० ते १०० अंशांपर्यंत तापवायचं. आता गोंदाने फिल्मला धरलेलं असतं, ती मागे जाऊ शकत नाही, मग साखळ्या नव्या आकारातच सरकून बसतात आणि आतला ताण बराच कमी होतो. हेअर ड्रायरने चुण्या निघतात पण या शेवटच्या कामाला तो बहुतेक पुरत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर वापरा, अंदाजाने तापवलं तर एकतर कमी पडतं नाहीतर फिल्म जळते.

स्वच्छतेचं थोडक्यात सांगतो. वॅक्स, पॉलिश, टायर चमकवायच्या स्प्रेतलं सिलिकॉन, या सगळ्यांवर गोंद पसरतच नाही. गाडी धुऊन वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी कापडावर घेऊन पुसा, आणि ते आपणहून उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा, नाहीतर विरघळलेली घाण तिथेच परत बसते. हाताला लावायचं सॅनिटायझर यासाठी नको, त्यात ग्लिसरीन असतं. गॅरेजमधून नुकतंच डेंटिंग-पेंटिंग करून आणलेल्या पॅनेलवर निदान महिनाभर काही लावू नका, ताज्या रंगातून सॉल्व्हंटची वाफ निघत राहते आणि फिल्मखाली फुगे येतात.

साबणाचं पाणी हा लोकांचा आवडता विषय. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन असतो, साबणाने तो ३० च्या आसपास येतो, त्यामुळे पाणी थेंब न होता पातळ थर होऊन पसरतं आणि फिल्म त्यावर तरंगते. तिरकी बसली तर न ओढता सरकवता येते, खरा फायदा हाच. लिटरभर पाण्यात बेबी शाम्पूचे चारदोन थेंब बास, जास्त घातला तर तोच मधे राहतो. बोअरचं पाणी टाळा, क्षार मागे राहतात, फिल्टरचं घ्या. मात्र फिल्मच्या मागे हवा बाहेर जायच्या बारीक नाळ्या असतील तर ती कोरडीच लावायची, पाणी गेलं की त्या नाळ्या तुंबतात. कुठला प्रकार आहे हे विकत घेतानाच विचारून घ्या.

प्रत्यक्ष लावताना ग्राफिक मागच्या कागदासकट गाडीवर धरा, लांब जाऊन बघा, मग बरोबर मधोमध उभी मास्किंग टेप मारा. एक बाजू उचला, तिचा कागद मधल्या टेपपर्यंत सोला आणि कापून टाका, मधून बाहेरच्या दिशेने स्क्वीजी मारत ती बाजू बसवा. मग टेप काढून दुसरी बाजू. यामुळे तिरकेपणाची लांबी निम्मी होते आणि ओढायची वेळ येत नाही. वरची ट्रान्सफर टेप (कापलेलं डिझाइन लावेपर्यंत एकत्र धरून ठेवणारी) काढताना ती पूर्ण मागे दुमडून, पत्र्याला जवळजवळ टेकवत ओढा. ९० अंशात ओढायला जेवढा जोर लागतो त्याच्या निम्म्याच जोरात १८० अंशात टेप निघते, आणि ओढ वरच्या दिशेने नसल्यामुळे ग्राफिक उचललं जात नाही.

सोलण्याचं आणखी एक गणित डिझाइन करतानाच कामाला येतं. लागणारा जोर सुटणाऱ्या कडेच्या रुंदीवर अवलंबून असतो. अणकुचीदार टोकाची रुंदी सुरुवातीला जवळपास शून्य, म्हणजे ते सुटायला जवळपास काहीच जोर लागत नाही, एकदा सुटलं की धूळ आत जाते आणि गोंद संपला. ज्वाळा, विजा, पंजे असलं काही लावायचं असेल तर टोकं निदान दोन-तीन मिलिमीटर गोल करून घ्या, दिसण्यात काही फरक पडत नाही. दरवाजाच्या फटीवरून जाणारं ग्राफिक फटीत कापा आणि कडा आत वळवून तापवा. कापताना ब्लेड थेट रंगावर चालवू नका, वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, ४०-५० मायक्रॉनचाच असतो आणि चरा पत्र्यापर्यंत गेला तर कोकणातल्या खाऱ्या हवेत तो गंजायला फार दिवस लागत नाहीत. त्यासाठी दोरा असलेली नाइफलेस टेप मिळते, ती आधी खाली लावायची आणि मग दोरा ओढून फिल्म कापायची.

वेळ सकाळची, सावलीतली, हवा २० ते ३० अंशांत. विदर्भात मे महिन्यात बॉनेटचा पत्रा ६० अंशांच्या वर सहज जातो, तेव्हा गोंद टेकल्या टेकल्या पकडतो आणि हलवायला संधीच देत नाही. पार्किंगच्या फरशीवर आधी पाणी मारा म्हणजे धूळ बसेल. लहान फुगे राहिले तर घाबरू नका, पीव्हीसीतून हवा हळूहळू झिरपते आणि ते आठवडाभरात बरेचसे बसतात. मोठ्या फुग्याला कडेला सुई टोचून हवा काढा, ब्लेडने चीर देऊ नका, ताण असला तर ती चीर उघडत जाते.

काचांवर मात्र ग्राफिक नको, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गाडीच्या काचांवर फिल्म लावायला बंदी घातली होती. आणि इतकं मोठं काम करणार असाल की गाडीचा रंगच वेगळा दिसेल, तर आरसी बुकात रंग लिहिलेला असतो, आधी आरटीओत विचारून घ्या.

शेवटी काढायचं. बॉनेट आणि टपावर ऊन सरळ पडतं, तिथलं ग्राफिक दरवाजावरच्यापेक्षा बरंच आधी म्हातारं होतं, प्लास्टिसायझर निघून जातो आणि फिल्म ठिसूळ पडते. ती खडूसारखी पांढुरकी दिसायला लागली की लगेच काढा. अजून मऊ असताना कोमट करून सावकाश ओढली तर ती अखंड पट्ट्याने निघते, उशीर केला तर नखाएवढे तुकडे खरवडत बसावं लागतं आणि गोंद सगळा रंगावरच राहतो.