दुभत्या गाईच्या लाथा : लिनक्समधला जुना वाद

लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये, हेलसिंकीत शिकत असताना लिनक्स या संगणक-प्रणालीचं काम सुरू केलं. आज अँड्रॉइड फोनपासून मोठमोठ्या सर्व्हरपर्यंत बरंच काही त्यावर चालतं. तिच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, कोणाचा बदल घ्यायचा, याचा शेवटचा शब्द त्यांचाच. म्हणून पॅच (सुचवलेला कोडमधला बदल) नाकारताना त्यांनी तो लिहिणाऱ्याचीही सालटी काढली, तरी ‘फटकळ आहेत, पण बरोबर बोलतात’ असं म्हणून लोक गप्प बसायचे. डिसेंबर २०१२ मध्ये एका अनुभवी मेन्टेनरला, म्हणजे कर्नलचा एक भाग सांभाळणाऱ्याला, त्यांनी जाहीर ई-मेलमध्ये शिवी हासडून तोंड बंद ठेवायला सांगितलं. मुद्दा खरा होता : कर्नल बदलला म्हणून लोकांचे चालू प्रोग्रॅम बंद पडता कामा नयेत. पंचाईत इथेच होती. मुद्द्याच्या जोरावर शिवीही खपून जायची.

जुलै २०१३ मध्ये हे उघडपणे थांबवायला सांगितलं सेज शार्प यांनी. ते काही बाहेरचे टीकाकार नव्हते. तेव्हा इंटेलमध्ये होते आणि कर्नलमधला यूएसबी ३.० चा भाग सांभाळत होते. ‘मला खोटी सभ्यता जमत नाही’, असा टोरव्हाल्ड्स यांचा एकूण सूर होता. मार्च २०१५ मध्ये एक छोटी संहिता आली, नाव ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’. नावातच भांडण! कोणाला त्रास झाला तर सल्लागार मंडळाला कळवा, एवढंच त्यात होतं. कारवाईचं काही नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये शार्प यांनी कर्नल सोडल्याचं जाहीर केलं. माझ्या मते त्या संहितेचा खरा निकाल तोच.

१६ सप्टेंबर २०१८ ला टोरव्हाल्ड्स यांनी स्वतःच माफी मागितली. आपले ई-मेलमधले हल्ले अनाठायी होते, लोकांच्या भावना समजून घ्यायला मदत घेईन, असं लिहून ते सुट्टीवर गेले. त्याच वेळी नवी आचारसंहिता आली. कर्नलची ४.१९ आवृत्ती त्यांच्या जागी ग्रेग क्रोआ-हार्टमन या ज्येष्ठ मेन्टेनरने पूर्ण केली, आणि ऑक्टोबरमध्ये टोरव्हाल्ड्स परतले. इतक्यानेच काहींना लिनक्स बुडाल्याचा भास झाला होता.

ते आजही भडकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये उशिरा आलेल्या, रिस्क-व्ही प्रकारच्या प्रोसेसरसाठीच्या बदलांना त्यांनी ‘कचरा’ म्हटलं. पण २०२४ मध्ये बीकॅशएफएस या फाइल सिस्टिमच्या (डिस्कवर फाइली साठवणाऱ्या भागाच्या) मुख्य विकसकाने एका सहकाऱ्याला जाहीर अपशब्द वापरले, तेव्हा आचारसंहिता समितीच्या शिफारशीवरून ६.१३ आवृत्तीच्या वेळी त्याचे बदल घेतले गेले नाहीत.