सेगमेंटचे प्रीकास्ट पुलाचे खांब आणि भूकंप

पुलाचा पियर, म्हणजे खांब, जागेवर शटरिंग लावून एकसंध न ओतता त्याचे काँक्रीटचे तुकडे, म्हणजे सेगमेंट, आधी कास्टिंग यार्डात तयार करायचे, ट्रेलरवरून आणून क्रेननं एकावर एक ठेवायचे आणि मधल्या डक्टमधून, म्हणजे पोकळ नळीतून, हाय टेन्साइल स्टीलच्या केबल ओवून जॅकनं ताणायच्या, अशा खांबाला सेगमेंटचा प्रीकास्ट खांब म्हणतात. घरातली उतरंडच म्हणा की, फक्त हिच्या पोटातून दोरी घालून पायापासून डोक्यापर्यंत करकचून आवळलेली. सांध्यात कुठं एपॉक्सी (चिकटवायचं रसायन) लावतात, कुठं कोरडंच ठेवतात. सेगमेंट आडवे सरकू नयेत म्हणून भिस्त घर्षणावर आणि शिअर कीवर, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या उंचवट्या-खाचांवर.

बेळगाव भागात भूकंपाचं काय एवढं, असं कुणीही विचारेल. भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाचं भारतीय मानक आयएस १८९३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत बेळगाव झोन ३ मध्ये येतंय, झोन फॅक्टर (धक्का किती जोराचा धरायचा तो आकडा) ०.१६, म्हणजे मध्यम. पण बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीपासून कोयना सरळ रेषेत साधारण १३० किलोमीटर, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा धक्का इकडची जुनी माणसं अजून सांगतात. असे खांब इकडं सोयीचे वाटण्याचं दुसरं कारण पावसाचं. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा, कुठल्याही पात्रात पावसाळ्यात काम चालत नाही, दिवाळीनंतर सुरू करून मिरगाच्या आत खांब वर काढायचे असतात, आणि यार्डात मात्र आडोशाला सेगमेंट पावसातही ओतता येतात. २०१९ च्या पुरात निपाणीजवळच्या यमगर्णीपाशी वेदगंगेचं पाणी पुणे-बेंगळूर हायवेवर आलं आणि वाहतूक तुंबली, तेव्हा एक वाट बंद पडली की काय हाल होतात हे इकडच्या माणसाला भूकंप न होताच कळलं.

आता भूकंपात हा खांब वागतो कसा. साध्या आरसीसी खांबात बुडाशी सळ्या ताणून कायमच्या लांबतात, सळ्यांवरचं काँक्रीटचं कव्हर सुटतं, पूल पडत नाही पण खांब वाकडा राहतो. सेगमेंटच्या खांबात तसं होत नाही, धक्का आला की एका बाजूनं सांधा उघडतो, खांब थोडा डुलतो, आणि धक्का ओसरला की केबल आणि वरच्या गर्डरचं वजन मिळून त्याला परत सरळ ओढून आणतात. केबल काँक्रीटला चिकटवलेली नसते, त्यामुळं ताण तिच्या पूर्ण लांबीभर वाटला जातो आणि ती सहसा कायमची लांबत नाही. उघडतो तो बहुतेक सगळ्यात खालचा सांधा, वरचे नावापुरते.

सरळ परत येण्याला एवढी किंमत का, हे जपानातल्या कोबेच्या १९९५ च्या भूकंपावरून कळतंय. तिथं जवळपास शंभर खांब उभे होते, पण १.७५ टक्क्यांपेक्षा जास्त कललेले म्हणून पाडावे लागले. आठ मीटरच्या खांबाला हे फक्त चौदा सेंटिमीटर होतात, वीतभर सुद्धा नाही!

पण फुकट काही मिळत नाही. साधा खांब मोडता मोडता भूकंपाची ऊर्जा खातो, हा नुसता डुलतो आणि खातो फार कमी, म्हणून हलतो जास्त. त्यावर उपाय म्हणजे सांध्यातून साध्या स्टीलच्या सळ्या पार घालायच्या, त्या ताणून-दबून ऊर्जा खातात. सांध्याजवळ थोड्या लांबीला त्यांच्यावर आवरण गुंडाळून त्या काँक्रीटपासून सुट्ट्या ठेवतात, नाहीतर एकाच जागी ताण येऊन तुटतात. आणि सळ्या जास्त झाल्या की त्याच खांबाला परत येऊ देत नाहीत, मग सगळा खटाटोप वाया. माझ्या मते डिझायनरची खरी परीक्षा ह्या मापातच आहे.

डुलताना सगळा भार बुडाच्या एका कडेवर येतो आणि काँक्रीट तिथं चिरडतं. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ह्यूज आणि प्रीस्टली यांनी खालच्या सेगमेंटला स्टीलचं जॅकेट घालून चाचण्या केल्या, २००२ मध्ये त्या मांडल्या, आणि नुकसान बऱ्यापैकी आटोक्यात राहिलं. सरकण्याचा धोका त्यामानानं कमी, केबलचा दाब असेपर्यंत.

आपल्याकडं मला भूकंपापेक्षा गंजाची धास्ती जास्त वाटते. बेळगावजवळच्या घाटातल्या कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस सांध्यातून आत शिरला तर केबल आतून सडते आणि बाहेर कळत पण नाही, म्हणून ग्रीस, प्लास्टिकचं आवरण आणि सांध्याचं सील ह्यात काटकसर चालत नाही. धक्क्यानंतर पण तसंच, सांधा मिटला की खांब नव्यासारखा दिसतो, त्यामुळं केबलचा ताण मोजायची सोय बांधतानाच खांबाच्या डोक्यावर करून ठेवावी लागते.